विश्लेषण : जुन्या मोटरसायकलचा गिअर का निसटतो? झिजलेला शाफ्ट पुन्हा कामाचा होतो का?

पायाने लिव्हर दाबला, तो खालीही गेला, पण आत गिअर पडलाच नाही. जुनी राजदूत, येझदी किंवा आरएक्स १०० जपून ठेवलेल्यांना हा प्रकार नवा नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत अशा गाड्या आजही रस्त्यावर दिसतात. कुणासाठी ती वडिलांची आठवण असते, तर कुणासाठी रोज शेतावर जायचे साधन. गिअर निसटू लागला की झटपट उपाय म्हणून लिव्हर शाफ्टलाच वेल्डिंग करून टाकला जातो. काम दहा मिनिटांचे आणि खर्चही किरकोळ. मात्र त्या दहा मिनिटांत दुरुस्त होण्यासारखा शाफ्ट कायमचा वाया जाऊ शकतो. ज्या गाडीचे उत्पादन बंद होऊन तीस वर्षे झाली, तिच्यासाठी हे नुकसान लहान नाही. हा दोष नेमका काय असतो आणि त्यावर कोणत्या क्रमाने उपाय करावा, ते समजून घेऊ.

गिअर शिफ्ट शाफ्ट म्हणजे काय?

पायाच्या लिव्हरपासून इंजिनच्या आत जाणारी बोटाएवढ्या जाडीची पोलादी दांडी म्हणजे गिअर शिफ्ट शाफ्ट. तिच्या बाहेरच्या टोकावर बारीक उभे दाते कापलेले असतात. लिव्हरच्या भोकातही तसेच दाते असतात. दोन्ही एकमेकांत बसतात आणि लिव्हरच्या फटीतला बोल्ट कसला की पकड घट्ट होते. शाफ्टच्या आतल्या टोकाला एक पंजा असतो. तो ड्रम फिरवतो, ड्रम फोर्क सरकवतो आणि फोर्क गिअर बदलतो. पाय काढल्यावर एक स्प्रिंग शाफ्टला पुन्हा मधल्या जागेवर आणते. ही साखळी कुठेही तुटली तरी चालकाला एकच गोष्ट जाणवते, ती म्हणजे गिअर पडत नाही. त्यामुळे दोष नेमका कुठे आहे, हे आधी शोधावे लागते.

दाते का झिजतात?

यामागे साधे गणित आहे. समजा, लिव्हर १२ सेंटिमीटर लांब आहे आणि शाफ्टचा व्यास १२ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ६ मिलिमीटर. पायाने १५ किलोचा जोर दिला तर दात्यांवर त्याच्या वीसपट, म्हणजे ३०० किलोचा जोर येतो. लिव्हर घट्ट असेल तर हा जोर सगळ्या दात्यांमध्ये वाटला जातो आणि काही बिघडत नाही. बोल्ट किंचित ढिला झाला की लिव्हर डुलू लागतो. मग प्रत्येक वेळी दात्यांवर हातोडीसारखा ठोका बसतो आणि मोजकेच दाते सगळा भार घेतात. दिवसाला २०० वेळा गिअर बदलला तर वर्षभरात असे ७३ हजार ठोके होतात.

त्यात धुळीची भर पडते. कच्च्या रस्त्यावरची माती या फटीत शिरते आणि पॉलिश पेपरसारखी घासत राहते. पुढे बोटाने आणि मागे टाचेने दाबायचा लिव्हर असेल, तर धक्के दोन्ही दिशांनी बसतात. म्हणजे बहुतेक वेळा झीज गाडीच्या वयामुळे होत नाही. ढिला राहिलेला एक बोल्ट तिला कारण ठरतो.

दोष लिव्हरचा की शाफ्टचा, कसे ओळखावे?

इंजिन न उघडता चार गोष्टी तपासता येतात.

पहिली, शाफ्टच्या टोकावर आणि लिव्हरवर मिळून खडूने किंवा मार्करने एक सरळ रेघ मारावी. गिअर दाबल्यावर रेघ तुटली, म्हणजे लिव्हर फिरला पण शाफ्ट जागेवरच राहिला, तर दाते निसटत आहेत. रेघ सरळ राहून शाफ्टही फिरत असेल आणि तरीही गिअर पडत नसेल, तर दोष आत आहे. तो स्प्रिंगचा, पंज्याचा किंवा क्लचचा असू शकतो.

दुसरी, लिव्हरची फट पाहावी. बोल्ट पूर्ण कसल्यावर फटीच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकत असतील, तर लिव्हरचे भोक मोठे झाले आहे. बोल्ट आणखी आवळून उपयोग नाही, त्याचे आटे मात्र जातील.

तिसरी, लिव्हर काढून शाफ्टचे टोक रॉकेल आणि ब्रशने स्वच्छ करावे. दाते टोकदार दिसत असतील तर शाफ्ट ठीक आहे. ते गोल किंवा सपाट झाले असतील तर शाफ्टही झिजला आहे.

चौथी, शाफ्ट हाताने धरून वर-खाली हलवावा. तो डुलत असेल आणि खाली तेल गळत असेल, तर इंजिनच्या कव्हरमधले भोक किंवा बुश आणि ऑईल सील गेले आहे.

साधारणपणे लिव्हर शाफ्टपेक्षा मऊ असतो. त्यामुळे आधी तो झिजतो. दोष वेळेत पकडला तर फक्त लिव्हर बदलून काम भागते.

लिव्हर थेट वेल्ड का करू नये?

याची कारणे अनेक आहेत. दात्यांपासून जेमतेम बोटभर आत रबराचे ऑईल सील असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ते जळते आणि तेलगळती सुरू होते. वेल्डिंगचा अर्थ चुकीच्या जागी जोडला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पडतात. पेट्रोलची टाकी गाडीवरच असल्याने आगीचा धोका असतो, तो वेगळाच.

खरी अडचण नंतर येते. अनेक गाड्यांत चेन स्प्रॉकेटचे कव्हर काढण्यासाठी आधी गिअर लिव्हर काढावा लागतो. लिव्हर कायमचा चिकटवला तर चेन स्प्रॉकेट बदलणेही अवघड होते. मग कटर मशीनने लिव्हर कापताना शाफ्टचे उरलेसुरले दातेही जातात. लिव्हर आणि शाफ्टला आरपार भोक पाडून पिन ठोकण्याचा मार्गही असाच. भोकामुळे आधीच बारीक असलेली दांडी आणखी कमकुवत होते.

मग योग्य क्रम कोणता?

पहिली पायरी, नवा लिव्हर आणि नवा बोल्ट. शाफ्टचे दाते शाबूत असतील तर इथेच काम संपते. लिव्हर लगेच मिळत नसेल तर जुन्या लिव्हरची फट हॅकसॉ ब्लेडने थोडी रुंद करता येते. त्याने पकड काही दिवस परत येते. हा उपाय तात्पुरता आहे.

दुसरी पायरी, शाफ्ट बदलणे. काही इंजिनांत क्लच बाजूचे कव्हर आणि क्लच काढला की शाफ्ट ओढून बाहेर काढता येतो. आरएक्स १०० त्यातलीच. काही इंजिनांत मात्र क्रँककेसच उघडावा लागतो, त्यामुळे मजुरी वाढते. सुटा भाग घेताना जुना शाफ्ट सोबत न्यावा. लांबी, दात्यांची संख्या आणि पंज्याचा आकार जुळवूनच घ्यावा. बंद पडलेल्या गाडीतून काढलेला मूळ शाफ्ट हलक्या दर्जाच्या नव्या शाफ्टपेक्षा चांगला ठरू शकतो.

तिसरी पायरी, शाफ्ट भरून नव्याने दाते कापणे. शाफ्ट कुठेच मिळत नसेल तेव्हाच या वाटेने जावे. शाफ्ट इंजिनातून पूर्ण बाहेर काढावा. कव्हरजवळच्या, म्हणजे लिव्हर पोहोचत नाही त्या भागातले दाते बहुधा मूळ मापाचे राहिलेले असतात. तिथे व्हर्निअरने व्यास मोजावा, दाते मोजावेत आणि मगच पुढचे काम सुरू करावे. एकदा सगळे वितळले की माप घ्यायला काही उरत नाही.

त्यानंतर वरचा कडक थर घासून काढावा. टोक सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून कमी हायड्रोजनच्या रॉडने किंवा टिग वेल्डिंगने भरावे. काम झाल्यावर शाफ्ट पाण्यात बुडवू नये. असे पोलाद झटकन थंड झाले की ठिसूळ होते आणि त्याला तडा जातो. कोरड्या वाळूत किंवा राखेत तो हळूहळू थंड होऊ द्यावा. मग लेथवर मूळ व्यास आणावा आणि मिलिंग मशीनवर दाते कापावेत. नवा लिव्हर आधीच घेऊन कारागिराला द्यावा, म्हणजे दाते त्यात बसतात का हे तिथेच पाहता येते. शेवटी शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजने सरळ आहे का ते तपासावे. वाकलेला शाफ्ट बसवला तर गिअर जड पडतो आणि सील पुन्हा फाटते.

हे काम कोण करू शकते?

लातूरची ओळख डाळ मिलसाठी आहे. डाळ मिल, ऑईल मिल, ट्रॅक्टर आणि पाण्याचे पंप असतात तिथे झिजलेले शाफ्ट भरून देणारे लेथवालेही असतात. वेल्डिंग आणि लेथचे काम त्यांच्या हातचे आहे. अडते ते दात्यांपाशी. समान अंतरावर बारीक दाते कापायला मिलिंग मशीन आणि डिव्हायडिंग हेड लागते आणि ते प्रत्येक लेथवर नसते. त्यामुळे काम देण्यापूर्वी ‘दाते कशावर कापणार?’ हा प्रश्न जरूर विचारावा. ‘कानशीने काढून देतो’ असे उत्तर मिळाले तर शाफ्ट परत घ्यावा. आयटीआयमधून मशिनिस्टचा ट्रेड शिकलेल्या कारागिराला हे काम परिचयाचे असते.

येझदीचे प्रकरण वेगळे का?

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या जावा आणि येझदी गाड्यांत गिअर आणि किक यांचा लिव्हर एकच असतो. तो आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. म्हणजे गिअरच्या ठोक्यांबरोबर किक मारताना शरीराचे वजनही त्याच जोडावर येते. म्हणून या गाड्यांत लिव्हर ढिला असताना किक मारू नये. आधी बोल्ट तपासावा. ही कंपनी १९९६ मध्ये बंद पडली आणि आरएक्स १०० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. जावा आणि येझदी ही नावे अलीकडे पुन्हा बाजारात आली असली तरी त्या गाड्यांचे इंजिन पूर्ण वेगळे आहे. त्यांचा शाफ्ट जुन्या गाडीला चालत नाही.

शाफ्टचा आणि कागदपत्रांचा काय संबंध?

शाफ्ट मिळत नाही म्हणून काही जण पूर्ण इंजिनच बदलतात. मग इंजिन क्रमांक आरसी बुकाशी जुळत नाही आणि नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी अडचण येते. मोटरसायकलची नोंदणी १५ वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपेक्षा जुन्या मोटरसायकलींसाठी ते २,००० रुपये केले.

‘व्हिंटेज’ हा शब्द सर्रास वापरला जातो, पण केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेले आणि मूळ रूपात असलेले वाहनच व्हिंटेज ठरते. त्याच्या नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे चालते. असे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे १९८५ मध्ये आलेली आरएक्स १०० अजून या व्याख्येत बसत नाही. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला आणि ‘एमएच’ मालिका १९८९ मध्ये सुरू झाली. म्हणजे ५० वर्षांपूर्वीच्या गाडीचा मूळ क्रमांक ‘एमएच २४’ किंवा ‘एमएच २६’ असू शकत नाही. अशा गाडीची जुनी कागदपत्रे सांभाळणे म्हणूनच महत्त्वाचे. शाफ्ट दुरुस्त केल्याने इंजिन क्रमांकाला धक्का लागत नाही, हा या दुरुस्तीचा मोठा फायदा.

पुन्हा झीज होऊ नये म्हणून काय करावे?

लिव्हर बसवण्यापूर्वी दोन्हीकडचे दाते कोरडे आणि स्वच्छ करावेत. बोल्ट स्प्रिंग वॉशरसह लावावा. १० नंबरच्या पान्याचा, सहा मिलिमीटरचा बोल्ट असेल तर साधारण १० न्यूटन-मीटर एवढा कस पुरतो. म्हणजे १० सेंटिमीटर लांब पान्यावर सुमारे १० किलोचा जोर. त्याहून जास्त दिल्यास आटे जातात. नव्या लिव्हरचा बोल्ट पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावा, कारण दाते एकमेकांत बसताना तो थोडा ढिला होतो. नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरला एक फेरी केली की हे अंतर पूर्ण होते. पुढे दर वेळी चेनला तेल देताना लिव्हर हाताने हलवून पाहावा. तो जराही डुलला तर पाना तेव्हाच काढावा.