कबुली आधी, कसोटी नंतर

नागपूरच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एक झाल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल वळणाची युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया होती, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट होते. नव्या चर्चने पवित्र शास्त्राला सर्वोच्च प्रमाण मानले आणि त्याच्या जोडीला दोन प्राचीन मतांगीकार, म्हणजे श्रद्धेच्या ठरावीक शब्दांतील कबुल्या, स्वीकारले: एक प्रेषितांचा, दुसरा नायसियाचा. ते श्रद्धेची साक्ष देतात आणि तिला जपतात, एवढ्याच अर्थाने ते घेतले गेले. आता अडचण अशी की, या सहांपैकी डिसायपल्स आणि ब्रदरेन कोणताही मतांगीकार न मानण्यासाठीच ओळखले जात; बॅप्टिस्टांनाही बांधीव मजकूर सर्वांवर लादणे नापसंत. मग ही माणसे त्या ओळींना राजी कशी झाली? चाळीस वर्षांच्या वाटाघाटींचा थकवा, असे उत्तर कुणी देईल. माझ्या मते खरे उत्तर मतांगीकाराच्या जन्मात आहे. तो मुळात दुसऱ्याची परीक्षा घेण्यासाठी नव्हताच. तो स्वतः तोंडाने देण्याचा शब्द होता.

बारा प्रेषितांनी एकेक वाक्य सांगितले आणि प्रेषितांचा मतांगीकार तयार झाला, ही कथा रुफिनस या ख्रिस्ती लेखकाने सन ४०४ च्या सुमारास नोंदवली आणि युरोपने ती हजार वर्षे मानली. पंधराव्या शतकात लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन पंडिताने तिच्यावर प्रश्नचिन्ह लावले. पूर्वेकडच्या ग्रीक चर्चमध्ये तर हा मजकूर वापरातही नव्हता. आज म्हटला जातो तो मजकूर याच रूपात प्रथम आठव्या शतकाच्या आरंभी, पिरमिनियस या मठाधिपतीच्या ग्रंथात दिसतो. म्हणजे प्रेषितांनंतर जवळजवळ साडेसहाशे वर्षांनी. इथेच थांबले तर मामला बनावटीचा वाटेल. पण मागे जात राहिले की त्याचीच लहान आवृत्ती रोममध्ये भेटते. सन ३४० च्या सुमारास मार्सेलस या बिशपने तिथल्या पोपला लिहिलेल्या पत्रात ती आहे. आणखी मागे बाप्तिस्म्याचे प्रश्न आहेत. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारत: पित्यावर विश्वास आहे? पुत्रावर? पवित्र आत्म्यावर? प्रत्येक होकारानंतर एक बुडी. मतांगीकाराचे तीन भाग या तीन बुड्यांचे आहेत. त्याहून मागे, सन ५५ च्या आसपास, पौल करिंथच्या मंडळीला ख्रिस्ताचे मरण, दफन आणि पुनरुत्थान यांची एक आटोपशीर यादी लिहून पाठवतो आणि ती आपल्याला इतरांकडून मिळाली असे स्पष्ट सांगतो. मजकूर उशिराचा, गाभा मात्र पहिल्या पिढीचा. दंतकथा खोटी ठरल्याने गाभा खोटा ठरत नाही.

असा शब्द तोंडाने देणे म्हणजे काय, हे समजायला नागपूरकराला दूर जावे लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या सुरुवातीच्या प्रतिज्ञा जुने काय सोडले ते सांगतात. चौथ्या शतकातल्या यरुशलेममध्येही बाप्तिस्मा घेणारा आधी पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारत असे आणि मग पूर्वेकडे वळून विश्वास कबूल करत असे. दोहोंची तत्त्वे परस्परांपासून फार लांब आहेत. सारखी आहे ती कृती. अशा वेळी उच्चारलेले वाक्य माहिती देत नाही, ते माणसाची जागा बदलते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. प्रेषितांचा मतांगीकार येशूच्या जन्मावरून थेट त्याला मृत्युदंड देणाऱ्या पिलाताकडे उडी मारतो. डोंगरावरचे प्रवचन नाही, दाखले नाहीत, शत्रूवर प्रेम नाही. शिकवणच गाळलेली श्रद्धा कसली? पण तिसऱ्या शतकाच्या नियमांत बाप्तिस्म्यापूर्वी तीन वर्षांपर्यंत शिक्षण घेण्याची अट दिसते. कबुली शिक्षणाच्या शेवटी येत होती, शिक्षणाऐवजी नव्हे. शिवाय जे उरले ते वादातून उरले. मार्सियन नावाचा गृहस्थ म्हणे, जग घडवणारा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. रोमच्या मंडळीने सन १४४ च्या सुमारास त्याला बाहेर काढले. आकाश आणि पृथ्वीच्या उत्पन्नकर्त्यालाच पिता म्हणण्याला त्यामुळे धार आली. दुसरे काही जण म्हणत, ख्रिस्ताचे शरीर नुसता भास होता. त्यांच्यासमोर पिलाताचे नाव उभे राहते. सन २६ ते ३६ या काळात यहुदीयावर हुकूमत गाजवणारा हा रोमन अधिकारी श्रद्धेच्या मजकुरात शोभत नाही खरा. पण तो घटनेला तारीख आणि पत्ता देतो. देवाच्या कथेत एका सरकारी अंमलदाराची हजेरी लावणे मला तरी या मजकुरातली सर्वांत धीट गोष्ट वाटते.

नायसियाची गोष्ट निराळी. सन ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने आजच्या तुर्कस्तानातील त्या गावी बिशपांना बोलावले. अलेक्झांड्रियाचा एरियस पुत्राला निर्मिलेला मानत होता. परिषदेने पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा असल्याचे ठरवले आणि विरुद्ध मतांना मजकुरातच शाप जोडला. इथे कबुलीची कसोटी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून हा सारा खेळ सम्राटाचा, असे मात्र पुरावा म्हणू देत नाही. पुढच्या अर्धशतकात कॉन्स्टँशियस आणि व्हॅलेन्स हे सम्राट नायसियाच्या विरुद्ध पक्षाला धरून होते; नायसियाचा कैवारी अथानासियस पाच वेळा हद्दपार झाला. राजाज्ञेनेच सगळे ठरत असते, तर ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला तो मजकूर वाढवून पक्का करायला कुणी उरलेच नसते.

कबुली दाराशी म्हणायची, तर दारच नको म्हणणाऱ्यांचे काय? महाराष्ट्रात हा प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी विचारला. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने धर्मग्रंथांचे काम केलेल्या टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात नवा करार मिळाला आणि १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण १९१७ मध्ये त्यांनीच उभारलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. कबुली आयुष्याने द्यावी, पाण्यात उभे राहून नव्हे, असा याचा रोख. आक्षेप खोल आहे, आणि तो खोडून काढता येतो असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणता येईल की, आयुष्याने दिलेली कबुली एकट्याची राहते आणि मंडळीला सामायिक शब्द लागतात.

ते शब्द सामायिक असले म्हणजे माणसे एकत्र येतातच, असेही नाही. १९७० मध्ये नागपूरला येण्याचे ठरत आलेली एक मोठी मंडळी, मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया, ऐनवेळी मागे फिरली. प्रेषितांचा मतांगीकार तिच्या उपासनेत होताच. आणि तो न मानणाऱ्या परंपरांतले ब्रदरेन व डिसायपल्स कॅथेड्रलच्या आवारात हजर होते.