दशावतारी गंजिफा : चित्रांमागे हरवत चाललेला डाव

मुलांसाठी बाजारात येणाऱ्या पत्त्यांवर आता इस्पिक-बदामाऐवजी प्राणी, फळे किंवा कार्टूनमधील पात्रे दिसतात. कल्पना नवी वाटली, तरी गोव्याला लागून असलेल्या सावंतवाडीला ती जुनीच आहे. तेथील दशावतारी गंजिफांच्या संचात विष्णूचे दहा अवतार हेच दहा रंग असतात. मत्स्याच्या रंगावर मासा, कूर्माच्या रंगावर कासव, परशुरामाच्या रंगावर परशू. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा, म्हणजे एकूण १२० गोल पाने.

हा खेळ मुघलांबरोबर भारतात रुजला. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसन याला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघल गंजिफात आठ रंग व ९६ पाने असत. पुढे भारतीय चितारींनी त्यांना अवतारांचे रूप दिले.

येथे चित्र केवळ शोभेचे नाही. ते नियमांत गुंफलेले आहे. तिघांत प्रत्येकी ४० पाने वाटली जातात. डाव दिवसा मांडला, तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल तो पहिली उतारी करतो. रात्री तो मान कृष्णाच्या राजाला मिळतो. पाच रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. हुकूम नसल्याने कोणती पाने पडून गेली, हे ध्यानात ठेवणाराच जिंकतो.

विसाव्या शतकात ही कला लोपण्याच्या बेतात होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोंसले आणि सत्त्वशीलादेवी भोंसले यांनी वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती समजून घेऊन राजवाड्यात तिचे पुनरुज्जीवन केले. कला तगली, खेळाला मात्र तेवढे भाग्य लाभले नाही. हाताने रंगविलेला संच महाग असल्याने तो दिवाणखान्यातील कपाटात जातो, मुलांच्या हाती येत नाही.

म्हणूनच साध्या पुठ्ठ्यावर छापलेल्या, सोबत मराठीत नियम दिलेल्या स्वस्त संचाचे मोल मोठे आहे. तो हस्तकलेची जागा घेणार नाही. परंतु उतारी कोणाची, हे सांगू शकणारी पिढी त्यातूनच घडेल. चित्र जपणारे हात सावंतवाडीत आहेत. डाव मांडणारे हात घराघरांत हवेत.