मेलट्टूरची विनामूल्य नाट्यरात्र

वैशाख शुद्ध चतुर्दशी, म्हणजे नृसिंह जयंती. कुंभकोणम्-तंजावर परिसरातील मेलट्टूर गावी दिवसभराचा उकाडा ओसरू लागतो आणि वरदराज पेरुमाळ मंदिरासमोरील रस्त्यावरच रंगमंच उभा राहतो. भागवत मेळ्याला तिकीट नसते. जो येईल तो रसिक. मेलट्टूर वेंकटराम शास्त्री यांचे ‘प्रल्हादचरित्र’ हे तेलुगू नाटक कर्नाटक संगीताच्या साथीने रात्रभर रंगते. स्त्रीभूमिकाही पुरुषच वठवितात. नृसिंहाचा मुखवटा पूजनीय मानला जातो. तो धारण करणारा नट त्या दिवशी उपवास पाळतो.

मराठी वाचकास हे परके वाटू नये. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसले घराण्याचे राज्य होते. त्यातील शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) स्वतः तेलुगू व मराठीत नाटके रचली.

येथील नट धंदेवाईक नव्हेत. नोकरी-व्यवसायानिमित्त दूर गेलेली गावची मंडळी या दिवसांसाठी रजा काढून परततात. ही रजा ज्या वर्षी निघणार नाही, त्या वर्षी मुखवटा जागचा हलणार नाही. पिढ्यांनी जपलेली ही ठेव दरवर्षी नव्याने भरावी लागते.