तारीख, वास आणि विरी

बेस्ट बिफोर ही गुणवत्तेची तारीख. ती उलटल्यावर चव, कुरकुरीतपणा उतरतो; नीट साठवलेला, बंद पदार्थ लगेच अपायकारक होत नाही.

यूज बाय किंवा एक्स्पायरी ही सुरक्षिततेची तारीख. त्यानंतर विकू नये, खाऊ नये.

सुटी मिठाई: १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानात ट्रेपाशी ‘बेस्ट बिफोर’ लिहिणं बंधनकारक.

ज्वारीचं पीठ: गिरणीतून आणलेल्या पिठावर तारीख नसते, ती परातीत कळते. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना कडेला चिरते. हे पीठ जुनं झालं, खराब नव्हे. उकळत्या पाण्यात उकड काढून मळलं की भाकरी जमते. खवट वास किंवा कडवट चव आली, तर मात्र दाण्यातलं तेल बिघडलेलं असतं. ते पीठ टाकावं.

शेंगदाणे: बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. भाजूनही ते पूर्ण जात नाही.

उन्हाळा: परभणीत पारा चाळिशी ओलांडतो. शिजवलेलं अन्न एरवी दोन तास बाहेर चालतं. हवा ३२ अंशांवर गेली की एकच तास.

नाकाची मर्यादा: साल्मोनेलासारख्या जिवाणूंना वास नसतो.