तंबू बर्फात टिकतो पण गॅरेजमध्ये खराब होतो, मग त्याचा आतून उडालेला थर परत कसा लावतात?

गेल्या पावसाळ्यात घडी घालून ठेवलेला रेनकोट तुम्ही जूनमध्ये बाहेर काढता. उघडून बघता तर तो आतून चिकट झालेला, वास मारतोय आणि हाताला पापुद्रे लागतायत. हा अनुभव तुम्हालाही आला असेल.

अगदी हाच वैताग अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बर्फावर मासे पकडणाऱ्यांना येतो. फरक एवढाच की त्यांच्याकडं खराब झालेला असतो अख्खा तंबू. नवा घ्यायचा म्हटलं तर शेकडो डॉलर मोजावे लागतात.

पण हे बर्फावर मासे पकडणं म्हणजे नेमकं काय?

मिनेसोटाला दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणतात. खरं तर तिथं दहा एकरांपेक्षा मोठी तळीच ११ हजार ८४२ आहेत. हिवाळ्यात ती गोठतात. नवा, पारदर्शक बर्फ किमान ४ इंच जाड झाला की त्यावर पायी जायला हरकत नाही, असं तिथलं सरकारी खातं सांगतं. मग लोक ऑगर नावाच्या मोठ्या गिरमिटानं बर्फाला भोक पाडतात, त्यात गळ सोडतात आणि वॉलआय, पर्च असे मासे धरतात.

बाहेर उणे २० अंश आणि वर बोचरा वारा. अशात तासन् तास बसायचं तर आडोसा हवाच. त्यासाठी घडीचे तंबू वापरले जातात. हे तंबू पॉलिस्टरच्या कापडाचे असतात. कापड कितीही जाड असलं तरी विणीत बारीक फटी राहतातच. त्या बुजवायला बऱ्याच तंबूंना आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. वारा आणि पाणी अडवायचं काम हा थर करतो.

मग हा थर उडतो कशानं?

आपल्याला वाटेल, थंडीनं. घडी घालताना गोठलेल्या कापडाला चिरा जातात हे खरं आहे. पण थर चिकट होऊन सुटायला लागतो तो मुख्यतः ओलाव्यानं आणि उन्हाळ्यात.

तंबूत गॅसचा हीटर लावतात. १ किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. त्यात माणसांच्या श्वासाची भर पडते. ही सगळी वाफ गार कापडावर जाऊन गोठते. संध्याकाळी तंबू तसाच गुंडाळला जातो आणि गॅरेजमध्ये जातो. तिथं बर्फ वितळतो, कापड ओलं राहतं आणि पुढं उन्हाळ्याची गरमी सुरू होते.

ऊब आणि ओलावा एकत्र आले की पाण्याचे रेणू पॉलियुरेथेनच्या साखळ्या तोडायला लागतात. याला हायड्रोलिसिस म्हणतात. थर आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे निघतात. आपल्या रेनकोटचं आणि कपाटात पडून असलेल्या सॅकचं नेमकं हेच होतं.

दुरुस्ती कशी करतात?

सगळ्यात आधी कापड तपासायचं. दोन्ही हातांनी ताणल्यावर ते टर्रकन फाटत असेल, तर थर लावून उपयोग नाही. कापड मजबूत असेल तर पुढं जायचं.

कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रशनं आतली बाजू धुवायची. सुटलेला आणि चिकट झालेला थर काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून खरखरीत स्पंजनं घासायचं. हे काम उघड्यावरच करायचं आणि जवळ विडी, शेगडी, हीटर काही नको, कारण हा द्रव पटकन पेट घेतो. जो थर घट्ट बसलाय तो खरवडायचा नाही. जुना सुटा थर तसाच ठेवून वर नवा मारला, तर पहिल्या घडीला दोन्ही निघून येतात. बहुतेकांची मेहनत इथंच वाया जाते.

कापड पूर्ण वाळलं की तंबूच्या कापडासाठी मिळणारं पॉलियुरेथेनचं सीलंट फोमच्या ब्रशनं पातळ लावायचं. आधी कोपऱ्यात छोटा तुकडा रंगवून बघायचा. सिलिकॉनचं सीलंट इथं चालत नाही, कारण ते पॉलियुरेथेनवर धरत नाही. शिवणींना वेगळा हात द्यायचा. थर पूर्ण सुकला की वरून थोडी टाल्कम पावडर भुरभुरवायची, म्हणजे घडीत कापड कापडाला चिकटत नाही. हे सगळं उन्हाळ्यात करायचं, कारण थंडीत थर नीट वाळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं

सीलंट लावता लावता तंबूच्या हवेच्या झडपा कधीच बुजवायच्या नाहीत. हीटरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि थंडीनं झोप येतेय असं समजून माणूस तिथंच पडतो. फटी बुजवलेल्या तंबूत वारा आधीपेक्षा कमी शिरतो, म्हणून दुरुस्तीनंतर झडप उघडी ठेवणं आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं जास्त गरजेचं होतं.

दुसरी गोष्ट आगीची. बऱ्याच तंबूंवर कापड सहजासहजी पेट घेत नाही असं सांगणारं सीपीएआय-८४ हे लेबल असतं. ती चाचणी कंपनीनं दिलेल्या कापडाची असते. आपण घरी मारलेल्या थराला ती लागू होत नाही. त्यामुळं हीटर कापडापासून आणखी लांब ठेवायचा.

इतकं करूनही तंबू पुन्हा ओला गुंडाळला तर नवा थरही जुन्याच्या वाटेनं जातो. म्हणून तिथले जाणकार घरी आल्यावर तंबू उघडून टांगतात, पूर्ण वाळवतात आणि उन्हाळ्यात कोरड्या, गार जागी सैल घडी घालून ठेवतात.

आपल्याला गोठलेल्या तळ्यावर जायचं नाही. पण रेनकोट, ट्रेकचा तंबू आणि सॅक तर आपल्याही घरात आहे. पावसाळा संपला की या वस्तू सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच कपाटात ठेवा. म्हणजे पुढच्या जूनमध्ये हाताला पापुद्रे लागणार नाहीत.