एलियटचे अग्निप्रवचन आणि आपण

बेसा येथे माझ्याकडे इंग्रजी वाङ्मयाचे विद्यार्थी येतात. त्यांतले बहुतेक बौद्ध घरांतले. टी. एस. एलियटची ‘द वेस्ट लँड’ (१९२२) ही त्यांना युरोपच्या नैराश्याची कविता म्हणून शिकवली जाते. तिचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो, हे त्यांना कुणी सांगत नाही.

या कवितेच्या पाच भागांपैकी तिसऱ्याचे नाव ‘द फायर सर्मन’, म्हणजे तथागतांचे आदित्तपरियाय सुत्त. एलियटने हार्वर्ड विद्यापीठात संस्कृत आणि पालीचा अभ्यास केला होता. हे प्रवचन बुद्धांनी गयासीस येथे एक हजार भिक्खूंना दिले. ते सारे पूर्वी अग्निपूजक जटिल होते. पूजेच्या अग्नीवरून बुद्धांनी त्यांचे लक्ष राग, द्वेष, मोह यांच्या अग्नीकडे वळवले आणि मुक्तीची वाट दाखवली.

एलियटला ही आग लंडनमध्ये दिसली. कामावरून घरी आलेली टायपिस्ट, तिच्याकडे आलेला कारकून आणि प्रेमाविना झालेला त्यांचा संग. चित्र जिवंत आहे. पण ते पाहतो तायरेसियस, ग्रीक पुराणातला आंधळा द्रष्टा. टायपिस्टच्या मनातला एखादाच अर्धामुर्धा विचार कवितेत येतो.

‘मर्डर इन द कॅथीड्रल’ (१९३५) या पद्यनाटकात कँटरबरीच्या गरीब बायका समूहाने बोलतात. झाडलोट करणाऱ्याही त्यांत आहेत. नाटकातले सर्वांत प्रखर पद्य त्यांच्या तोंडी आहे. परंतु ११७० साली झालेल्या आर्चबिशप बेकेटच्या हत्येत त्या केवळ साक्षीदार. भोगायचे त्यांनी, ठरवायचे इतरांनी.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात माणसाचे माणसाशी असलेले नाते धम्माच्या केंद्रस्थानी ठेवले. त्या दृष्टीने पाहिले तर आग केवळ मनात नसते. समाजरचनेतही असते, आणि ती लावणारे हात असतात. एलियट त्या हातांपर्यंत जात नाही. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) मात्र बोलणारा त्या आगीच्या आतला आहे. त्याला द्रष्ट्याची गरज उरत नाही.

एलियट वाचू नये, असे मी म्हणत नाही. त्याची लय, त्याची शहराची जाण जरूर शिकावी. पण वाचताना एक प्रश्न सोडू नये: जळणारा कोण, आणि बोलणारा कोण?