खोकला दाबून ठेवणाऱ्या बायका

केसपेपरवर बहुतेकदा ‘कंबरदुखी’ एवढंच लिहिलेलं असतं. स्त्रियांच्या फिजिओथेरपीच्या खोलीत खरी तक्रार निघते ती सोबतची सून किंवा नवरा बाहेर बाकावर जाऊन बसल्यावर. मी पडदा ओढून घेते आणि मग काकू हळूच म्हणतात, “ताई, खोकलं की कपडे ओले होतात.” एकीनं त्यापायी लग्नकार्यं सोडली होती. दुसरी फोडणी द्यायला मुलीला हाक मारायची. मिरचीचा ठसका लागला की संपलंच!

“व्यायाम सांगितलाय का कुणी?” मी विचारते.

“करते की रोज.”

“करून दाखवा बरं.”

फोडणीवाल्या काकूंनी दाखवला. श्वास रोखलेला, पोट फुगलेलं आणि सगळा जोर खाली, शौचाला कुंथावं तसा. जो स्नायू वर उचलायचा, त्यालाच त्या इमानेइतबारे रोज खाली ढकलत होत्या. दाराबाहेर पडता पडता कुणीतरी त्यांना ‘खालचे स्नायू आवळत जा’ असं सांगितलं होतं, बस्स. यात त्यांचा काय दोष? अमेरिकेत रिचर्ड बंप या डॉक्टरांनी ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करायला लावला आणि दाब मोजून पाहिला. १९९१ सालची ही गोष्ट. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला. साधारण चौथा हिस्सा तर अशा रीतीनं जोर करत होता की लघवी सुटणं उलट वाढावं.

ज्यांच्या नावानं हा व्यायाम ओळखला जातो, त्या अर्नॉल्ड केगल यांना हे पक्कं ठाऊक होतं. लॉस एंजेलिसच्या या स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ साली आपली पद्धत मांडली ती उपकरणासकट. योनीत ठेवायची हवेची छोटी नळी आणि तिला जोडलेलं दाब दाखवणारं घड्याळ. स्नायू बरोबर आवळला की काटा हलायचा आणि तो त्या बाईला स्वतःला दिसायचा. आपण केगल यांचं नाव तेवढं ठेवलं, काटा टाकून दिला. मला याचा मनापासून राग येतो.

माझ्याकडे बाईची परवानगी घेऊन हातमोजा घातलेल्या बोटानं तपासणी होते. “चारचौघांत वायू अडवता ना, तसं आवळा आणि आत वर ओढा. पोट, मांड्या, कुल्ले सैल. श्वास चालू राहू दे.” दोन-चार प्रयत्न फसतात. मग अचानक बोटाला उचल जाणवते आणि काकू म्हणतात, “अगं बाई, हे होय!” काहींचा स्नायू मुळातच आखडलेला असतो, संबंधांच्या वेळी दुखतं, त्यांना आधी सैल सोडायला शिकवावं लागतं, आवळायला नाही. लघवी मध्येच अडवून सराव तर कुणीच करू नये.

फोडणीवाल्या काकूंना मी पुढची युक्ती दिली: ठसका येतोय असं वाटताक्षणी आधी आवळायचं, मग खोकायचं. मिशिगनच्या जेनिस मिलर यांनी १९९८ साली हेच तपासलं होतं. सरासरी ६८ वर्षं वयाच्या स्त्रियांना कागदी टॉवेल धरून खोकायला लावलं आणि त्यावरचा डाग मोजला. आठवडाभराच्या सरावानंतर मध्यम खोकल्यातली गळती जवळपास थांबली. स्नायूत ताकद यायला आठवडा पुरत नाही. फरक पडला तो नेमक्या वेळेमुळे.

पाणी कमी पिण्याचा उपाय मात्र बहुतेकींनी परस्पर सुरू केलेला असतो. त्यानं लघवी कडक होते, मूत्राशय आणखी चिडतं. जळजळ असेल, लघवीतून रक्त जात असेल किंवा अंग बाहेर येत असेल, तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. अंग बाहेर येण्यावर रिंग किंवा शस्त्रक्रियाही लागू शकते.

बाकावरचे नवरे कधी कधी विचारतात, “नुसत्या व्यायामाला इतके फेरे कशाला?” बायकोची हरकत नसेल तर मी त्यांनाही आत बोलावते. ओटीपोटाच्या हाडांचा साचा हातात देते. पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखा ताणलेला स्नायू दाखवते, त्याच्यावर मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशयाचा भार असतो हे सांगते. बाळंतपणात तो किती ताणला जातो, हेही. मग हिशेब समजावते: एका वेळी निदान आठदा आवळणं, दिवसातून तीनदा, कमीत कमी तीन महिने, आणि मधूनमधून माझ्याकडून तपासून घेणं. त्यानंतर पुढची तारीख बहुतेकदा तेच लिहून घेतात.